आणेवारी ते पैसेवारी : खानदेशातील अपूर्णांक-व्यवहाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

दशमान पद्धती ही भारताची जगाला देणगी आहे, हे विधान आपण अभिमानाने करतो. तथापि महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना ०.२५ ही संख्या ०.३ पेक्षा मोठी वाटते, हा अध्यापकांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. या विसंगतीचे मूळ केवळ विद्यार्थ्यांच्या दुर्लक्षात शोधणे अन्यायाचे ठरेल. पूर्णांकांचे दशमान लेखन आणि दशांश अपूर्णांक यांचा इतिहास एक नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पाटणची परंपरा

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख गणिताच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये दान दिले. लेखाचा अखेरचा भाग तत्कालीन मराठीत आहे. गणिताच्या अध्ययनासाठी राजाश्रय व स्थानिक उत्पन्न यांची तरतूद झाल्याचा हा दुर्मीळ पुरावा होय.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकं, दहं, शतं यांपासून परार्धापर्यंतची अठरा स्थाने दिली असून प्रत्येक स्थान मागील स्थानाच्या दसपट आहे. मात्र एककाच्या उजवीकडे हीच साखळी पुढे नेलेली नाही. अपूर्णांक त्यांनी वर अंश व खाली छेद अशा रीतीने, मध्ये रेघ न देता मांडले. त्यांच्या पंचराशिकाचे एक उदाहरण बोलके आहे. शंभरास दरमहा पाच व्याज असल्यास सोळांचे वर्षाचे व्याज किती? सोळा, बारा व पाच यांचा गुणाकार ९६०. त्यास शंभराने भागता ४८/५, म्हणजे ९ पूर्णांक ३/५ हे उत्तर येते. आज आपण ते ९.६० असे लिहितो. शंभरावर दर सांगण्याची, म्हणजेच शेकडेवारीची कल्पना येथे पूर्ण रुजलेली आहे. दशांश लेखन मात्र नाही. दशांश अपूर्णांकांचा विचार दहाव्या शतकात अल्-उक्लिदिसी, पंधराव्या शतकात अल्-काशी व १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिन यांच्या ग्रंथांत आढळतो.

पाव, निम, पाऊण यांचे जग

मराठी व्यवहारातील अपूर्णांक चतुर्थांशांवर उभा होता. जुन्या हिशेबांत पूर्णांकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा व तीन म्हणजे पाऊण. त्यामुळे ‘४॥।’ म्हणजे पावणेपाच. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मुखोद्गत असे. सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशे ब्याण्णव पै यांचा रुपया याच विचाराशी सुसंगत होता. या पद्धतीस अशास्त्रीय म्हणून नाकारणे योग्य नाही. तिघा भावांत रुपया वाटावयाचा झाल्यास प्रत्येकास ५ आणे ४ पै मिळत आणि काहीही शिल्लक राहत नसे. दशमान रुपयात तोच वाटा ३३.३३… असा न संपणारा होतो.

१९५७ चे संक्रमण

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ आले. परंतु एका आण्याचे ६.२५ पैसे होत. अधिकृत कोष्टकात एका आण्यास ६, दोनांस १२ व तिनांस १९ नवे पैसे धरण्यात आले. म्हणजे एकेका आण्याचे तीन वेगवेगळे व्यवहार केल्यास अठरा व एकत्र केल्यास एकोणीस पैसे होत. अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर आणि त्यातील आसन्न किंमत यांचा धडा लोकांना असा बाजारात मिळाला. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळले.

आणेवारी, पैसेवारी आणि सातबारा

पिकाचा अंदाज आण्यांत सांगण्याच्या पद्धतीस आणेवारी म्हणत. नाणे बदलल्यावर तीच पैसेवारी झाली. गावाची पैसेवारी ४७ म्हणजे ०.४७, म्हणजे ४७/१००, म्हणजे ४७ टक्के. एकच प्रमाण तीन वेषांत येथे दिसते. पन्नास पैशांची सीमारेषा खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्यास चांगली परिचित आहे. तीवर सवलतींचा प्रश्न अवलंबून राहिला. जुन्या सहा आण्यांचे ३७.५ पैसे होतात, हे त्यास पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक असे.

जमिनीच्या क्षेत्राबाबत मात्र संभ्रम गंभीर ठरू शकतो. दोन एकर वीस गुंठे हे क्षेत्र २.२० असे लिहिले, तर ते टिंब दशांशचिन्ह नसून केवळ विभाजक असते. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्याने त्याची खरी किंमत २.५ एकर आहे. याउलट शंभर आरांचे हेक्टर असल्याने एक हेक्टर पाच आर हे १.०५ असेच लिहावे लागते. दशांशस्थळीचे शून्य गाळून १.५ वाचल्यास पंचेचाळीस आरांचा, म्हणजे एकराहून अधिक जमिनीचा फरक पडतो. शून्याच्या स्थानाचे महत्त्व याहून प्रभावी रीतीने क्वचितच सांगता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, शेकडेवारी व व्यवहारी अपूर्णांक आपल्या परंपरेत खोलवर रुजले आहेत, तर दशांश लेखन दैनंदिन व्यवहारात तुलनेने अलीकडे, मुख्यतः १९५७ नंतर स्थिरावले. पाव-निम-पाऊणची भाषा आजही बोलण्यात जिवंत आहे, लेखन मात्र दशांशात होते. या दोहोंमधील दुवा जोडून देणे हे अध्यापनाचे कार्य होय. सातबारा, पैसेवारी व पाटणचा शिलालेख ही त्यासाठी हाताशी असलेली साधने आहेत. इतिहास व गणित विभागांनी त्यांचा एकत्रित उपयोग केल्यास भास्कराचार्यांच्या नावाचा अभिमान केवळ उत्सवापुरता न राहता वर्गातील आकलनास उपकारक ठरेल.