पूर्व तिमोर : प्रादेशिक क्रीडास्पर्धांतील सहभाग
मे 2002 मध्ये स्वतंत्र झालेला पूर्व तिमोर 2003 साली व्हिएतनाममधील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत, म्हणजे त्या प्रदेशातील देशांच्या द्वैवार्षिक बहुक्रीडा स्पर्धेत, प्रथम उतरला. आसियान या राष्ट्रसंघटनेचे सदस्यत्व मात्र 2025 मध्ये मिळाले, म्हणजे खेळाडूंनी मुत्सद्द्यांवर चांगलीच आघाडी घेतली. स्वातंत्र्यापूर्वी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याचे चार खेळाडू ऑलिंपिक ध्वजाखाली खेळले. त्यांपैकी मॅरेथॉन धावपटू आगीदा आमाराल स्टेडियममध्ये शिरताच शर्यत संपली असे समजून थांबली, पण चूक कळताच तिने उरलेली फेरी पुरी केली. आग्नेय आशियाई स्पर्धेत पदके प्रामुख्याने युद्धकलांत मिळाली : 2005 मध्ये आर्निस या फिलिपिनी काठीयुद्धात कांस्य, 2011 मध्ये शोरिंजी केम्पो या जपानी प्रकारात सुवर्ण. पोर्तुगीज भाषक देशांच्या लुसोफोनी स्पर्धांतही तो खेळला. 2014 ची ही स्पर्धा गोव्यात भरली.