एका निवाड्याचे अपील

कलेच्या इतिहासात काही नावे शिवीच्या रूपाने जन्मास येतात आणि पुढे बिरुद म्हणून मिरवतात. १८७४ साली पॅरिसमधील एका टीकाकाराने काही चित्रकारांस 'इंप्रेशनिस्ट' म्हटले ते थट्टेने. आज त्याच नावाने त्यांची चित्रे संग्रहालयांत मानाने विराजत आहेत. इंग्लंडातील 'शूगेझ' ह्या संगीतप्रकाराची कथा ह्याच जातीची आहे. मात्र तीत निवाडा आणि अपील ह्यांचा अंश असल्यामुळे वकिली पेशाच्या माणसास ती अधिक विचार करावयास लावते.

शू म्हणजे पादत्राण व गेझ म्हणजे टक लावून पाहणे. १९९० च्या सुमारास इंग्लंडात गिटार वाजविणाऱ्या तरुणांचे काही वाद्यवृंद पुढे आले. गिटारीचा नाद पालटणाऱ्या लहान लहान यंत्रपेट्या त्यांच्या पायाशी मांडलेल्या असत आणि त्या पायानेच चालवाव्या लागत. त्यामुळे वादकाची मान सदैव खाली. 'मूझ' नामक वृंदाचा गायक जमिनीवर चिकटविलेल्या कागदांवरून गीत वाचून गात होता, त्यावरून 'साउंड्स' साप्ताहिकात हे थट्टेचे नाव प्रथम आले, असे सांगतात. ही मंडळी एकमेकांच्या मैफलींस हजर राहत. म्हणून 'मेलडी मेकर' ह्या साप्ताहिकाने ती स्वतःचाच उत्सव साजरा करतात, असाही टोमणा मारला.

ह्या थट्टेत एकच गोष्ट राहून गेली, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष संगीत. आपल्या बैठकीत तानपुऱ्याचा झंकार गायकाच्या स्वरास सभोवार वेढून असतो. येथे तो वेढाच मुख्य झाला. गिटारींचे थरावर थर, त्यांतून उठणारा दीर्घ प्रतिध्वनी, आणि त्या कल्लोळात अर्धवट बुडालेला हळुवार कंठ, असे ह्या संगीताचे स्वरूप. १९८३ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चे केव्हिन शील्ड्स हे गिटारीचा कंपनदांडा हाती धरूनच तारा छेडीत, त्यामुळे स्वर स्थिर न राहता लाटेसारखा हेलकावे घेई. त्यांची 'लव्हलेस' ही ध्वनिमुद्रिका १९९१ सालची. ऑक्सफर्डच्या 'राइड'ची 'नोव्हेअर' १९९० सालची, तर रेडिंगच्या 'स्लोडाइव्ह'ची 'सुव्लाकी' १९९३ सालची.

पण तोवर हवा फिरली होती. १९९१ च्या सप्टेंबरात अमेरिकेतून 'निर्वाणा'ची 'नेव्हरमाइंड' आली. पाठोपाठ इंग्लंडात ताठ मानेने, खणखणीत शब्दांत गाणाऱ्यांचा काळ सुरू झाला. वरील तिन्ही वृंदांची प्रकाशक 'क्रिएशन' ही एकच कंपनी. तिने 'लव्हलेस'नंतर शील्ड्स ह्यांच्याशी संबंध तोडला, १९९३ साली 'ओएसिस'ला करारबद्ध केले, आणि १९९५ साली 'पिग्मेलियन' निघताच स्लोडाइव्हलाही निरोप दिला. १९९६ साली राइड विसर्जित झाले. त्यातील अँडी बेल पुढे त्याच ओएसिसमध्ये साथीस बसले. प्रतिवादीचे म्हणणे ऐकून न घेताच एकतर्फी हुकूमनामा व्हावा, आणि पुढे प्रतिवादीने वादीच्याच घरी नोकरीस राहावे, तसे हे झाले.

पुढे जे घडले ते नव्या पिढीने घडविले. २००२ साली एका जर्मन कंपनीने स्लोडाइव्हच्या गीतांस वाहिलेली मुद्रिका काढली. २००३ साली सोफिया कोपोला ह्यांच्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' चित्रपटात शील्ड्स ह्यांचे संगीत वाजले. इंटरनेटच्या द्वारे जुन्या मुद्रिका अशा तरुणांच्या हाती गेल्या, की ज्यांनी ती साप्ताहिके कधी पाहिलीच नव्हती. माय ब्लडी व्हॅलेंटाइन २००७ साली पुन्हा एकत्र आले आणि २०१३ साली, लव्हलेसनंतर बावीस वर्षांनी, त्यांची पुढली मुद्रिका निघाली. स्लोडाइव्ह २०१४ साली बार्सिलोनाच्या महोत्सवात उभे राहिले. त्यांचीही नवी मुद्रिका २०१७ साली, म्हणजे बावीस वर्षांनीच आली. २०२३ सालची त्यांची मुद्रिका ब्रिटनमधील खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेली. आपल्याकडे २०२० साली बंदी आलेल्या टिकटॉकवरून तर विशीतही न पोहोचलेली मुले हे संगीत एकमेकांस ऐकवू लागली, आणि स्वतःस अभिमानाने शूगेझचे म्हणवू लागली.

आपल्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेवरील हक्कदेखील बारा वर्षांत मावळू शकतो. कलेचा दावा बावीस वर्षांनी दाखल होऊन मंजूर झाला, तो कशाच्या बळावर? टीकाकारांचे मत पालटले हे खरे, पण ते मागाहून. मुख्य कारण असे, की अपील चालते ते रेकॉर्डवर, आणि येथे रेकॉर्ड, ह्या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी, शाबूत होते. थट्टा करणारी साप्ताहिके बंद पडली. 'साउंड्स' १९९१ साली, 'मेलडी मेकर' २००० साली. ज्यांची थट्टा झाली त्यांचा नाद मात्र जसाच्या तसा उरला, आणि नव्या कानांनी तो पूर्वग्रहाविना ऐकला.

ह्यात आपल्यालाही घेण्याजोगे आहे. आपल्या देवालयांच्या सभामंडपांतून पिढ्यानुपिढ्या जे गायिले-वाजविले गेले, त्यातील फारच थोडे मुद्रित झाले. बाकीच्याविषयी गुण-दोषांचा कोणताही निवाडा आता अंतिमच म्हणावयाचा, कारण त्यावर अपील करण्यास रेकॉर्ड नाही. जे आज गायिले जात आहे, ते आपणांस रुचो वा न रुचो, ते जपून ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे. त्याचा निवाडा पुढची पिढी करील.