आजारी जिवाची जागा : पांजरपोळापासून घरातील सशापर्यंत

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी जीवदयेच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते पांजरपोळ, गोशाळा आणि पक्ष्यांचे चबुतरे. या विषयावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या घरी घडलेल्या एका लहानशा घटनेने या इतिहासाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तेव्हा आरंभ त्या घटनेपासूनच करतो.

शेजारचे एक कुटुंब परगावी गेले आणि जाताना आपली पांढरी सशीण आमच्या नातीच्या स्वाधीन करून गेले. पुढे डॉक्टरांनी तिचे गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला. एका परिचिताने सांगितले की, माणसाप्रमाणे तिलाही आदल्या रात्री उपाशी ठेवावे. आम्ही तसे केले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. घरी आणल्यावर आम्ही तिला तिच्या जुन्या, तारेच्या तळाच्या दुमजली पिंजऱ्यात ठेवले. घरात चौविहाराचा नियम. म्हणून सूर्यास्तानंतर तिच्यापुढचे गवतही श्रद्धेने उचलून ठेवले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. डॉक्टर म्हणाले, "टाके उत्तम आहेत. तिच्या पोटाचे काम थांबले." दोष द्यायचा तर तो आमच्या अज्ञानालाच दिला पाहिजे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने आपले काम केले होते. बरे होण्यासाठी लागणारी जागा मात्र आम्ही सिद्ध केली नव्हती.

आजारी मुक्या जिवासाठी जागा सिद्ध करणे ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी आहे काय? इतिहासाची पाने चाळू लागल्यावर ध्यानात आले की, ती नवी नाही. आपल्याला तिचा विसर पडला होता, एवढेच.

मेघकुमाराची कथा

ज्ञाताधर्मकथेच्या पहिल्या अध्ययनातील मेघकुमाराची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी व्याख्यानात ऐकलेली असेल. पूर्वभवी हत्ती असलेल्या या जिवाने वणव्यापासून रक्षण व्हावे म्हणून गंगेकाठच्या अरण्यात झाडे-झुडपे उपटून, गवत काढून एक योजन विस्ताराचे मंडल तयार केले होते. वणवा पेटला तेव्हा वनातील सर्व प्राणी तेथे दाटीवाटीने येऊन उभे राहिले. हत्तीने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून हत्तीने तो अडीच दिवस अधांतरी धरला. पुढे तोच जीव श्रेणिक राजा आणि धारिणी राणी यांच्या पोटी मेघकुमार म्हणून जन्मला.

उचललेल्या पायाची अनुकंपा आपण वाखाणतो, ते योग्यच आहे. पण त्या अनुकंपेपूर्वी मंडल तयार करण्याचे श्रम झालेले होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. संकट येण्याआधी जागा साफ केलेली होती, म्हणूनच पाय उचलण्याचा प्रसंग आला.

गिरनारचा शिलालेख आणि खंभातची कापसाची पेटी

ऐतिहासिक पुराव्यांकडे वळले, तर इ. स. पू. तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाचे शिलालेख समोर येतात. गिरनार येथेही असलेल्या दुसऱ्या लेखात मनुष्यांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा सांगितली असून, औषधी वनस्पती नसतील तेथे त्या आणून लावल्याचे आणि रस्त्यांवर विहिरी खोदल्याचे नमूद आहे. अशोकाने पशूंची रुग्णालये बांधली, असे विधान पुष्कळदा केले जाते; लेखात उल्लेख आहे तो चिकित्सेचा, वनस्पतींचा आणि पाण्याचा.

प्रत्यक्ष पाहिलेल्या पशुरुग्णालयांचे वर्णन सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांनी करून ठेवले आहे. 1583 ते 1591 या काळात पूर्वेकडे प्रवास केलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने खंभातच्या अशा संस्थांविषयी लिहिले. लंगडी कुत्री-मांजरे आणि पक्षी तेथे सांभाळले जात, असे तो सांगतो. 1623 मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंभातला आला. तेथील पक्ष्यांच्या रुग्णालयात त्याला आईविना राहिलेली उंदरांची काही पिल्ले दिसली. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून, पेटीत कापूस घालून त्यात ठेवलेल्या त्या पिल्लांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होता.

त्या वृद्धाचे नाव इतिहासाने जपले नाही. पण त्याच्या पेटीकडे जरा बारकाईने पाहावे. त्या जिवांना ऊब हवी म्हणून कापूस होता. तोंड लहान म्हणून वाटीऐवजी पीस होते. नजर कमी झाली म्हणून चष्मा होता. दयेला एवढे नेमके रूप फार थोड्या ठिकाणी आलेले दिसते. ज्याची सेवा करायची त्याची प्रकृती ओळखून जागा रचावी, हा धडा खंभातने चारशे वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

मुंबईत दोन प्रवाह

मुंबईत 1832 साली भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठा क्षोभ उसळला. पारशी, जैन व हिंदू नागरिक त्यात सहभागी झाले. त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. आश्रय देणे, चारा-पाणी देणे आणि नैसर्गिक मृत्यूपर्यंत सांभाळणे, हे पांजरपोळांचे ब्रीद होते.

त्याच शतकात दुसरा प्रवाहही वाढत होता. 1846 मध्ये बोस्टन येथे ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि 1867 मध्ये जोसेफ लिस्टरने जखमेतील पू टाळण्याची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली. मुंबईत 1880च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळाने जागा दिली आणि रुग्णालयाने उपचार दिले. शस्त्रक्रियेनंतरचे दहा-पंधरा दिवस मात्र या दोहोंच्या मध्ये पडतात. ते दिवस आज पुष्कळदा आपल्या घरातच काढावे लागतात.

सशाची गोष्ट वेगळी

आपल्या रानातला ससा आणि घरात पाळला जाणारा पांढरा ससा हे दोन भिन्न जातींचे प्राणी आहेत. रानससा बीळ करीत नाही. गवतातल्या उथळ जागेत बसतो. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात समूहाने राहणारे. रोमन लोक ससे भिंतींच्या आवारात राखून ठेवीत, ते मांसासाठी. पुढे अनेक शतके ससा खुराड्यातच राहिला. त्याला घरातील सदस्याप्रमाणे मोकळे ठेवावे हा विचार अलीकडचा. अमेरिकेतील मॅरिनेल हॅरिमन यांचे घरातील सशांविषयीचे पुस्तक 1985 मध्ये आले आणि 1988 मध्ये कॅलिफोर्नियात ‘हाउस रॅबिट सोसायटी’ स्थापन झाली. मादीची नसबंदी करावी, हा आग्रह त्या चळवळीने सामान्य पालकांपर्यंत नेला.

त्यामागे सबळ कारण आहे. सशिणीचा गर्भकाळ सुमारे एक महिन्याचा आणि प्रसूतीनंतर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय वय वाढत जाते तसा मादीच्या गर्भाशयात कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो. हे ज्ञान मुख्यतः 1930 व 1940च्या दशकांत अमेरिकेतील प्रयोगशाळेत पिंजऱ्यात ठेवलेल्या सशांच्या निरीक्षणातून मिळाले. त्या मुक्या जिवांचे हे ऋण आपण कोणत्या मनाने स्वीकारावे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पाच अतिचारांचा आरसा

येथे आपल्या समाजात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत छेद, म्हणजे अवयव कापणे, सांगितला आहे. मग ही शस्त्रक्रिया करावी काय? याचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. शास्त्रज्ञ साधु-साध्वींना विचारूनच प्रत्येकाने तो घ्यावा. अर्थलोभाने वा क्रोधाने केलेला छेद आणि रोग टाळण्यासाठी भूल देऊन केलेला उपचार यांत भावाचा भेद आहे, एवढेच मला वाटते. परंतु आमच्या सशिणीच्या मृत्यूनंतर मी ते पाच अतिचार पुन्हा वाचले, तेव्हा लाज वाटली. आम्ही चर्चा केली फक्त छेदाची. बंध, वध, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांचा विचारच केला नव्हता. शस्त्रक्रियेनंतरची जागा कशी असावी, याची शिकवण खरे तर त्यांतच दडलेली आहे.

अन्नपाननिरोध प्रथम घेऊ. सशाला उलटी होऊ शकत नाही, म्हणून त्याला शस्त्रक्रियेपूर्वी माणसासारखे उपाशी ठेवत नाहीत. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते आणि तो खातो मुख्यतः पहाटे, तिन्हीसांजेला व रात्री. व्रत घेणाऱ्याचा नियम मुक्या जिवावर लादणे योग्य नव्हे. वाळलेले गवत अहोरात्र त्याच्या तोंडाजवळ, मान न ताणता मिळेल असे ठेवावे; पाणी जड, उथळ भांड्यात असावे. गाजर हेच सशाचे अन्न, हा समज चुकीचा आहे. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या घरांना त्याची चिंता नको. घरी आल्यावर काही तासांत त्याने थोडेतरी खाल्ले पाहिजे आणि लेंड्या पडल्या पाहिजेत. दहा-बारा तास खाणे वा लेंड्या बंद राहिल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच द्यावे. वेदना होत असताना ससा खात नाही.

बंधाविषयी बोलायचे तर जागा कोंडलेली नसावी, पण उड्या मारण्याइतकी मोठीही नसावी. एकाच पातळीवरचा, पाय पसरून आडवे होता येईल आणि चार पावले टाकता येतील एवढा कोपरा पुरतो. बिळाची सवय असलेल्या या प्राण्याला लपायला जागा लागते. पुठ्ठ्याच्या खोक्याला रुंद दार कापून ठेवले तरी चालते, मात्र कडा पोटाला घासता कामा नये. त्याला जोडीदार असेल तर जाळीच्या पलीकडे जवळच ठेवावा, म्हणजे वास व सोबत टिकते आणि टाक्यांवर ताणही येत नाही. जोडीदार नर असेल आणि त्याचीही नसबंदी झाली असेल, तरी पुढील काही आठवडे तो प्रजननक्षम राहू शकतो, हे विसरू नये.

अतिभार म्हणजे केवळ पाठीवरचे ओझे नव्हे. जिना, फळी, दुसरा मजला आणि उंच काठाचे शौचपात्र हा टाके घातलेल्या पोटावर भारच आहे. पात्राचा पुढचा काठ खाली कापावा आणि त्यात कागदाच्या पट्ट्या घालाव्यात. वाळू आणि लाकडाचा भुसा जखमेला चिकटतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून खाली वर्तमानपत्र आणि वर धुतलेली जाड सुती चादर अंथरावी. चादर रोज बदलावी.

वध म्हणजे मारणे-झोडणे, पण भीती घालणे हेही त्याच जातीचे. सशाला पकडण्यासाठी मागे धावू नये, उताणे करू नये, आंघोळ घालू नये. उचलावेच लागले तर छातीला व मागच्या पायांना दोन्ही हातांचा आधार द्यावा. धडपडीत त्याचा कणा मोडू शकतो. कुत्रा-मांजर, दूरदर्शन, फटाके आणि लाऊडस्पीकर यांपासून जागा दूर असावी. भुलीनंतर अंग थंड पडते, म्हणून पहिल्या रात्री कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूस ठेवावी, म्हणजे नको असल्यास तो सरकू शकेल. पुढे मात्र उकाड्यापासून जपावे; तीस अंशांवरचे तापमान सशाला सोसत नाही.

राहिला छेद. दिवसातून दोनदा टाके पाहावेत. लाली, सूज, ओल वा उघडलेला टाका दिसल्यास कळवावे. गळ्यातील शंकूसारखी पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घालू नये, कारण ससा आपल्या काही मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि ते त्याच्या पोषणाला आवश्यक असते. साधारण दहा दिवस ते दोन आठवडे ही व्यवस्था ठेवावी.

समारोप

आमच्या घरी पुढे आणखी एक सोडून दिलेली सशीण आली. तिच्या शस्त्रक्रियेच्या आधीच आठवडाभर देवघराशेजारचा कोपरा आम्ही तयार केला आणि तिला त्याची सवय होऊ दिली. त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. पहाटे अंधारात वाळलेले गवत कुरतडल्याचा बारीक आवाज आला, तेव्हा नातीने माझा हात घट्ट धरला. सामायिक आटोपून मी उठलो, तेव्हा ती खोक्यातून बाहेर येऊन पाणी पीत होती.

आपल्या ट्रस्टच्या जीवदया खात्यातून चारा आणि दाणा यांसाठी दरवर्षी मदत दिली जाते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक नम्र सूचना आहे. अशा लहान प्राण्यांसाठी जाळी, बसके शौचपात्र, जड भांडी आणि धुतलेल्या चादरी असे दोन-तीन संच ट्रस्टने ठेवावेत आणि गरज पडेल त्या कुटुंबाला पंधरा दिवसांसाठी द्यावेत. खर्च फारसा नाही. मंडल आधी तयार असेल, तर संकटकाळी पाय कोठे ठेवावा हे आपोआप समजते.

जय जिनेंद्र.