गेनची खुंटी

गाडीच्या डिकीत किंवा सीटखाली जो अँप्लिफायर बसवतात, त्याच्या एका कडेला ‘गेन’ असं लिहिलेली छोटी खुंटी असते. बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवायची. बहुतेक जण तिला आवाजाची खुंटी समजतात आणि उजवीकडे पूर्ण पिळून मोकळे होतात. खरं तर तिचं काम वेगळं आहे. हेड युनिटकडून येणारा सिग्नल कधी २ व्होल्टचा असतो, कधी ४ चा. तो कितीचा आला की अँपने पूर्ण ताकद लावायची, एवढंच ती ठरवते. जास्त पिळली तर अँप वेळेआधीच छताला टेकतो आणि लाटेचा गोल माथा सपाट कापला जातो. हेच क्लिपिंग. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या साइन लाटेच्या दुप्पट शक्ती असते, आणि ती स्पीकरच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. स्पीकर जळतात ते बहुतेकदा असे.

यावरचा उपाय म्हणजे टेस्ट टोन: एकाच कंपनसंख्येची, एकाच उंचीची लाट. मी सॉफ्टवेअरवाला, माझ्यासाठी अशी लाट म्हणजे पायथनच्या पाच ओळी. म्हणूनच ती एकेकाळी किती महाग आणि अवघड होती, हे वाचताना मजा वाटते.

१९३९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी २००ए नावाचा ऑसिलेटर विकायला काढला. किंमत ५४.४० डॉलर. मोठी अडचण होती लाटेची उंची स्थिर ठेवण्याची. गेन जरा कमी पडला तर लाट विरून जाते, जरा जास्त झाला तर वाढत वाढत ती स्वतःच क्लिप होते. ह्यूलेटने सर्किटमध्ये चक्क एक छोटा दिवा घातला. प्रवाह वाढला की दिव्याची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, आणि त्यामुळे गेन आपोआप उतरतो. म्हणजे गेनची खुंटी फिरवायला एक दिवा नोकरीला ठेवला! डिस्नेने ‘फँटेशिया’साठी याच घराण्यातले आठ २००बी ऑसिलेटर घेतले.

गाडीची कथा समांतर चालली होती. १९३० मध्ये पॉल गॅल्विनच्या कंपनीने मोटोरोला नावाचा कार रेडिओ आणला. तेव्हाच्या व्हॅक्यूम ट्यूबना शंभराच्या पुढे व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी असे ६ व्होल्टची. ही ओढाताण आजही संपलेली नाही. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात असं धरू. व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल तर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ साइन लाटेत जेमतेम २६ वॅट देता येतात, तेही कागदावर. मग हेड युनिटच्या खोक्यावर ‘५० गुणिले ४’ कुठून येतं? तीच लाट पूर्ण चौकोनी करा, हिशोब ५२ वर जातो. खोक्यावरचा आकडा हा असा, संपूर्ण क्लिप झालेल्या आवाजाचा.

अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरच्या वॅटच्या थापा आवरायला फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला. पण तो घरातल्या यंत्रांपुरता होता. गाडीतल्या अँपसाठी सीईए-२००६ हे मानक आलं ते २००३ मध्ये: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्याच्या आत. तेही ऐच्छिक.

दरम्यान १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, आणि माझ्या मते खरा फरक तिथे पडला. कॅसेटची पट्टी हळूहळू भरत जाते, तिला कडक छत नाही. सीडीवरचा नमुना १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या वर आकडाच नाही. शून्य डेसिबल म्हणजे हे छत. आता ‘यापेक्षा मोठं काही येणारच नाही’ असा टोन हाताशी आला, आणि गेन मोजून लावता येऊ लागला.

रीत सोपी आहे. स्पीकर सोडवायचे, इक्वलायझर सपाट करायचा, हेड युनिटचा आवाज जिथवर ते स्वतः क्लिप होत नाही तिथवर न्यायचा (साधारण तीन चतुर्थांश). वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: १०० वॅट, ४ ओहम म्हणजे २० व्होल्ट. ५० हर्ट्झचा टोन लावून मल्टीमीटरवर २० दिसेपर्यंत गेन वाढवायचा. आपल्याकडची घरची वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळे साधा मीटरही इथे नीट मोजतो. फक्त त्याला लाटेचा आकार दिसत नाही; चौकोनी लाटेला स्वस्त मीटर ११ टक्के जास्तच दाखवतो. कापलेला माथा बघायचा तर ऑसिलोस्कोप हवा.

पुण्यात अँप बसवणाऱ्या एका कारागिराला मी हे गणित सांगितलं. तो म्हणाला, “भाऊ, गिऱ्हाईक मीटर ऐकत नाही, गाणं ऐकतं.” त्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. गाण्याची सरासरी शिखरांच्या बरीच खाली असते, म्हणून काही जण उणे १० डेसिबलच्या टोनवर गेन लावतात आणि अधूनमधून एखादं शिखर कापलं गेलं तर चालवून घेतात. मी शून्याचाच टोन लावतो. आवाज थोडा कमी मिळतो, पण माझे स्पीकर माझ्या पगारातून आलेत.

अर्थात गाणंच सपाट होऊन आलं तर खुंटी काही करू शकत नाही. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ २००८ मध्ये आला तेव्हा त्याच्या लाटांचे माथे स्टुडिओतच कापले गेले होते. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती होती, आणि चाहते सीडी बाजूला ठेवून ती शोधू लागले.