आघाताच्या आठवणी आणि डोळ्यांची हालचाल : घरबसल्या घेता येणारी 'ईएमडीआर' उपचारपद्धती

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत जमीन हादरली. धक्क्याचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते आणि तीव्रता ४.५ होती. काही मिनिटांनी आणखी एक सौम्य धक्का बसला. लोक घराबाहेर धावले, भिंतींना तडे गेले आहेत का ते पाहिले आणि दिवस नेहमीप्रमाणे सुरू झाला. मात्र ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अनुभवली, त्यांच्यासाठी असा प्रत्येक धक्का वेगळा असतो. गणेश विसर्जन आटोपून झोपी गेलेल्या गावांवर पहाटे चारच्या सुमारास घरे कोसळली आणि किल्लारी परिसरात हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्या घटनेला तीन दशके उलटली. तरीही भांडे पडल्याच्या आवाजाने दचकून उठणारी माणसे मराठवाड्यात आहेत. घटना भूतकाळात जमा झाली, शरीराला मात्र ते अद्याप कळलेले नाही, अशी ही अवस्था असते.

आपल्याकडे या अवस्थेला 'धसका' हा नेमका शब्द आहे. 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली' असे आपण सहज बोलून जातो. वैद्यकशास्त्रात यातील गंभीर आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारास आघातोत्तर तणाव विकृती, म्हणजेच 'पीटीएसडी' असे म्हणतात. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा उभा राहणे, त्याची आठवण करून देणारी जागा, रस्ता वा माणूस टाळणे, झोप मोडणे, सदैव सावध व चिडचिडे राहणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. ती महिनाभराहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागली, तर उपचारांचा विचार करावा. आघात झालेल्या प्रत्येकाला हा विकार होतो असे नाही. अनेकजण काळाच्या ओघात आणि आप्तांच्या आधाराने सावरतात.

अशा रुग्णांसाठी जगभर मान्यता पावलेल्या मोजक्या उपचारांपैकी एक म्हणजे 'ईएमडीआर'. डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने क्लेशदायक स्मृतीची धार बोथट करणे आणि तिची मनात नव्याने मांडणी होऊ देणे, असा या लांबलचक इंग्रजी नावाचा आशय आहे. फ्रॅन्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेला १९८७ मध्ये फिरावयास गेल्या असताना असे जाणवले, की मनात घोळणारे त्रासदायक विचार डोळे वेगाने इकडून तिकडे हलले असता निवळतात. त्यांनी या निरीक्षणाची पद्धत बनविली आणि १९८९ मध्ये २२ रुग्णांवरील पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. शापिरो यांचे २०१९ मध्ये निधन झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तणावजन्य विकारांविषयीच्या मार्गदर्शक सूत्रांत पीटीएसडीसाठी ज्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यांत ईएमडीआरचा समावेश आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही २०१८ च्या सूत्रांत तिला स्थान दिले.

भारतात या पद्धतीचा प्रसार मुख्यत्वे दोन आपत्तींमुळे झाला. २००१ चा गुजरातमधील भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांनंतर परदेशी प्रशिक्षकांनी येथील समुपदेशकांना व मानसशास्त्रज्ञांना शिकविले. किल्लारीच्या वाट्याला ही पद्धत वेळेवर आली नाही. १९९३ मध्ये तिचे वय अवघे काही वर्षांचे होते.

पडद्यावर नेमके काय घडते?

समजा, पूर्णा तालुक्यातील एका तरुणाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मित्राचा मोटारसायकल अपघात झाला. सहा महिने झाले, तो त्या वळणावरून जात नाही. हॉर्न वाजला की हातपाय गार पडतात. त्याने पुण्यातील एखाद्या मराठी भाषक उपचारकर्त्याची व्हिडिओ कॉलवर भेट घेतली, तर पहिल्याच दिवशी डोळे हलविण्यास सांगितले जाणार नाही. आठ टप्प्यांच्या या उपचारात पहिले दोन टप्पे पूर्वेतिहास जाणून घेणे आणि तयारी करणे यांसाठी असतात. मन फार अस्वस्थ झाल्यास ते स्वतः कसे शांत करावे, याचा सराव आधी होतो. ही तयारी घाईने उरकणारा उपचारकर्ता ऑनलाइन असो वा समोरासमोर, त्याच्यापासून दूर राहिलेले बरे.

त्यानंतर प्रसंगातील सर्वांत बोचणारे चित्र निवडले जाते. त्या चित्राशी जोडलेली स्वतःविषयीची भावना शब्दांत मांडली जाते. उदाहरणार्थ, 'मी काहीच करू शकलो नाही'. त्याऐवजी काय वाटावे असे रुग्णास हवे आहे, तेही ठरते. उदाहरणार्थ, 'माझ्या हातात होते तेवढे मी केले'. त्रास किती होतो, हे शून्य ते दहा या मापावर रुग्णानेच सांगावयाचे. मग ते चित्र, ती भावना आणि शरीरातील ताण मनात धरून पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या ठिपक्याचा डोळ्यांनी पाठलाग करावयाचा. साधारण अर्ध्या मिनिटाची एक फेरी होते. 'आता काय जाणवते?' एवढाच प्रश्न विचारला जातो, जे सुचेल ते थोडक्यात सांगितले जाते आणि पुढची फेरी सुरू होते. त्रासाचा आकडा शून्यावर वा त्याच्या जवळपास येईपर्यंत हे चालते. मग हव्या त्या विचाराची जोड दिली जाते, शरीरात कोठे ताण उरला आहे का ते पाहिले जाते आणि सत्र शांतपणे बंद केले जाते. पुढील भेटीत मागील कामाचा आढावा घेतला जातो. एक सत्र साधारणपणे तास ते दीड तासाचे असते. एकाच प्रसंगाचा आघात असेल तर मोजकी सत्रे पुरू शकतात. बालपणापासूनचा छळ असेल तर काम दीर्घकाळ चालते.

प्रसंगाचे तपशीलवार वर्णन करण्याची सक्ती या पद्धतीत नाही आणि घरी करावयाचा अभ्यासही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही हा फरक नमूद केला आहे. आपल्या समाजात, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचाराच्या बाबतीत, 'सगळे सांगावे लागेल' या भीतीनेच किती जणी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे ध्यानात घेतले तर या सवलतीचे मोल कळेल.

डोळ्यांच्या हालचालींना पर्यायही आहेत. दोन्ही हात छातीवर एकमेकांवरून घेऊन खांद्यांवर आळीपाळीने हलकेच थोपटणे हा त्यांतील सर्वांत सोपा पर्याय. मेक्सिकोतील आकापुल्को येथे १९९७ च्या चक्रीवादळानंतर मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास आणि इग्नासिओ हारेरो यांनी तो रूढ केला. त्याला 'फुलपाखराची मिठी' असे गोड नाव आहे. उपचारकर्ता शेजारी नसताना रुग्ण स्वतःच ही क्रिया करू शकतो, म्हणून ऑनलाइन सत्रांत ती विशेष उपयोगी ठरते. मोबाइलचा पडदा लहान असल्याने डोळ्यांची हालचाल पुरेशी होत नाही. लॅपटॉप नसेल तर थोपटण्याचा मार्ग बरा.

शंका आणि पुरावा

पीटीएसडीवर ईएमडीआरचा गुण येतो, याविषयी आता फारसा वाद नाही. वाद आहे तो डोळ्यांच्या हालचालींविषयी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात त्या अनावश्यक असल्याचा निष्कर्ष निघाला, तर २०१३ मधील दुसऱ्या विश्लेषणात त्यांच्यामुळे गुणात भर पडते असे दिसले. बहुतेक संशोधक आज देतात ते स्पष्टीकरण असे : आठवण मनात धरणे आणि डोळ्यांनी ठिपक्यामागे जाणे ही दोन कामे एकाच वेळी केली, की मनाची तात्पुरती धारणशक्ती विभागली जाते, आठवण फिकट होते आणि तशीच फिकट पुन्हा साठविली जाते. म्हणजे यात संमोहन नाही की चमत्कार नाही. 'एका सत्रात आयुष्यभराची भीती घालवा' अशी जाहिरात करणाऱ्यांनी शापिरो यांचे नाव घेतले, तरी विश्वास ठेवू नये.

ऑनलाइन उपचारांविषयीचा पुरावा तुलनेने नवा आहे. करोनाकाळात दवाखाने बंद झाल्यामुळे उपचारकर्त्यांना हा मार्ग धरावा लागला. २०२१ मध्ये 'बीएमसी सायकियाट्री' या नियतकालिकात आलेल्या पाहणीत दूरस्थ ईएमडीआर घेतलेल्या नव्वदहून अधिक रुग्णांची लक्षणे लक्षणीय प्रमाणात उतरल्याचे आढळले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या पाहणीची मर्यादा होय. भारतात केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक सूत्रे जारी केली आणि डॉक्टरांच्या दूरस्थ सल्ल्यास स्पष्ट चौकट मिळाली.

अडचण खोलीची

परभणीसारख्या जिल्ह्यासाठी हे दूरस्थ उपचार मोलाचे आहेत, यात शंका नाही. नांदेड तास-दीड तासावर आहे, परंतु विशेष प्रशिक्षण घेतलेला, मराठीतून बोलणारा उपचारकर्ता बहुधा पुण्या-मुंबईतच भेटतो. दर आठवड्याला रात्रभराचा रेल्वेप्रवास करून कोणी एका तासासाठी जाणार नाही. आघाताची भाषा ही मातृभाषाच असते. 'पोटात खड्डा पडला' हे इंग्रजीतून सांगता येत नाही. इंटरनेटने ही दरी बुजविली.

परंतु शहरी वाचकांच्या सहसा ध्यानात न येणारी अडचण वेगळीच आहे. या उपचारास दीड तास बंद राहू शकेल अशी खोली लागते. सेलू किंवा मानवतच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात सासू, दीर, मुले आणि दूरचित्रवाणी संच यांच्यामध्ये ती कोठून आणावी? ज्याच्याविषयी बोलावयाचे तोच माणूस शेजारच्या खोलीत असेल, तर सत्र घेणेच धोक्याचे ठरते. आघात अजून सुरू असताना, म्हणजे घरात मारहाण चालू असताना, जुन्या स्मृतींवर काम करण्यापूर्वी सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. कोणी मैत्रिणीच्या घरी बसावे, कोणी उभ्या मोटारीत, कोणी शेतातल्या आखाड्यावर. मात्र तेथे नेटवर्क असल्याची खात्री आधी करून घ्यावी. वीज गेली वा कॉल तुटला, तर काय करावयाचे हे पहिल्याच भेटीत ठरले पाहिजे. अस्वस्थतेच्या ऐन भरात पडदा काळा होणे ही क्षुल्लक गैरसोय नव्हे. म्हणून जाणता उपचारकर्ता रुग्णाचा त्या वेळचा नेमका पत्ता आणि जवळच्या एका विश्वासू व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक आधीच मागून घेतो. हे मागितले नाही, तर रुग्णाने विचारावे.

शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबांविषयीही येथे सांगितले पाहिजे. ज्या पत्नीने वा मुलाने ते दृश्य प्रथम पाहिले, त्यांच्या मनातील चित्रावर ही पद्धत काम करू शकते. सावकाराचा तगादा, सातबाऱ्यावरचा बोजा आणि पडलेला कापसाचा भाव यांवर ती काम करीत नाही. राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आणला. आशा कार्यकर्तींमार्फत तणावग्रस्त शेतकरी शोधून त्यांना समुपदेशनापर्यंत पोहोचविण्याची त्यात कल्पना होती. शोध आणि प्राथमिक समुपदेशन हे त्याचे काम. आघातावरील विशेष उपचार हा पुढचा टप्पा, आणि तेथे अद्याप मोठी पोकळी आहे.

निवड करताना

आपल्या देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मानसोपचारतज्ज्ञ हा नोंदणीकृत डॉक्टर असतो. केवळ 'समुपदेशक' अशी पाटी लावण्यास मात्र फारसे बंधन नाही. म्हणून मूळ पात्रता कोणती, ईएमडीआरचे प्रशिक्षण कोठे घेतले, त्यात अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केले आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. शनिवार-रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे प्रशिक्षण नव्हे. शुल्क, सत्रांची अंदाजे संख्या आणि सत्राचे चित्रीकरण होणार नाही याची हमी, हेही आधीच विचारावे.

आत्महत्येचे विचार प्रबळ असणे, भास होणे, मध्येच भान हरपणे, मद्याचे वा अन्य व्यसन, आटोक्यात नसलेली फेफरे किंवा डोळ्यांचा गंभीर विकार असेल, तर प्रथम प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. अशा वेळी एकट्याने ऑनलाइन सत्र सुरू करणे अयोग्य. चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

सत्रानंतर एक-दोन दिवस स्वप्ने पडणे, रडू येणे वा थकवा जाणवणे संभवते. त्या दिवशी महत्त्वाचे काम ठेवू नये आणि सत्र संपताच वाहन चालवू नये. त्रास असह्य वाटल्यास उपचारकर्त्याला कळवावे. तो उपलब्ध नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या केंद्र सरकारच्या विनामूल्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून बोलता येते. तेथे ईएमडीआर मिळत नाही. ऐकून घेणारे प्रशिक्षित माणूस आणि पुढे कोठे जावे याची माहिती मिळते.