सहसंयुज

‘सहसंयुज बंध’ हा शब्द शाळेच्या विज्ञानात भेटतो आणि जड वाटतो. त्याच्या पोटात मात्र संस्कृतचा ‘युज्’ धातू आहे: जोडणे, जुंपणे. ‘युग’वरून आलेलं बैलांचं जू, ‘योक्त्र’वरून आलेलं जोत ही त्याचीच भावंडं. १९१६ साली रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी मांडलं, की या बंधात दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक वापरतात. त्या जोडीचा ऋणप्रभार दोन्ही केंद्रकांना एकाच वेळी ओढून धरतो, म्हणून अणू सुटत नाहीत. १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी या नात्याला इंग्रजी नाव दिलं. मराठीतला ‘सह’ म्हणजे तीच भागीदारी. किती नेमका उपसर्ग!

हे बंध तुटण्या-जुळण्याचा अनुभव घ्यायचा, तर कळवणच्या चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा चिरा. पेशी फुटतात, गंधकयुक्त रेणू विकरांच्या तावडीत सापडतात, काही बंध तुटून नवे जुळतात आणि प्रोपेनथायल एस-ऑक्साइड हवेत उडतं. डोळे चुरचुरतात ते त्यानंच. त्यात कार्बन आणि गंधक दुहेरी बंधानं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्यांनी, बांधलेले असतात. कांदा हे गंधक मातीतून सल्फेटच्या रूपात घेतो. तिथंही गंधक आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनीच जोडलेले असतात.