घराला कुलूप, पटावर नाव : स्थलांतरित मुलांच्या शाळेचे काय?

वाशीम - सोयाबीनची मळणी आटोपते, दिवाळी सरते आणि वाशीम जिल्ह्यातील अनेक तांड्यांवर, वस्त्यांवर घरांना कुलपे दिसू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे संसार बांधून ऊसतोडीला निघतात. कोणी वीटभट्टीची वाट धरतो, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांची. आई-वडिलांबरोबर शाळेत जाणारी मुलेही निघतात. शाळेच्या पटावर त्यांचे नाव राहते. वर्गातील जागा मात्र रिकामी होते. पुढील पाच-सहा महिने त्यांचा पत्ता म्हणजे फडाजवळची कोपी, भट्टीवरची झोपडी किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीचा तळमजला.

बेघर विद्यार्थी म्हटले की शहरातील पदपथावर झोपणारे मूल डोळ्यांसमोर येते. वाशीमसारख्या जिल्ह्यात बेघरपणाचे रूप निराळे आहे. येथे घर असते. पण वर्षातील निम्मा काळ ते बंद असते. अशा मुलांसाठी कायदा काय सांगतो, शिक्षण विभागाकडे कोणत्या सोयी आहेत आणि त्या नेमक्या कोठे अडतात, याचा हा आढावा.

स्थलांतराची पार्श्वभूमी

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे. शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून असून सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. खरिपाचे पीक घरात आल्यानंतर कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन मजुरांच्या हाताला गावात फारसे काम उरत नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी जाहीर केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत वाशीमचा समावेश होता.

जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी मानोरा तालुक्यात आहे. तांड्यांवरून होणारे हंगामी स्थलांतर ही येथील जुनी बाब होय. ऊसतोडीची मजुरी 'कोयत्या'वर, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीवर ठरते. दोघेही पहाटेपासून फडात असल्याने धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे येते. मूल सोबत नेण्यामागे पालकांची बेफिकिरी नसते. गावात त्याला सांभाळणारे आणि दोन वेळा जेवू घालणारे कोणी नसते, हे खरे कारण असते.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला तो लागू आहे. मग त्याचे घर कोठेही असो अथवा नसो. स्थलांतरित मुलांच्या दृष्टीने त्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

कलम ४ - शाळा सुटलेल्या किंवा कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय असते. त्याचा कालावधी किमान तीन महिने व कमाल दोन वर्षे असतो.

कलम ५ - दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही वा लांबवू शकत नाही.

कलम ९ - स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. याचा अर्थ असा की, मानोऱ्याचे मूल कोल्हापूरच्या फडावर गेले, तर त्याला शाळेत घालण्याची जबाबदारी तेथील यंत्रणेवर येते.

कलम १४ व १५ - वयाचा पुरावा नाही किंवा प्रवेशाची मुदत संपली, या कारणांवरून मुलाला परत पाठविता येत नाही.

थोडक्यात, ऐन डिसेंबरात, हाती एकही कागद नसताना एखादे मूल शाळेच्या दारात उभे राहिले, तरी त्याला वर्गात बसविणे बंधनकारक आहे. ही बाब पालकांना क्वचितच ठाऊक असते. पुष्कळदा ती शाळेलाही आठवण करून द्यावी लागते.

गावातच राहण्याची सोय

मूल गावात राहिले तर त्याचे शिक्षण तुटत नाही, या साध्या विचारातून हंगामी वसतिगृहाची योजना आकारास आली. पूर्वी सर्व शिक्षा अभियानातून आणि २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेतून ती राबविली जाते. ऊसतोड मजुरांचे प्रमाण मोठे असलेल्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत ती अधिक परिचित आहे. पालक कामाला गेले तरी मूल आजी-आजोबा किंवा नातेवाइकांकडे राहते, नेहमीच्याच शाळेत शिकते आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा धरला जातो.

या योजनेचे यश तारखेवर अवलंबून आहे. कुटुंबे दिवाळीच्या आसपास निघतात. त्यापूर्वी गावनिहाय यादी, मंजुरी आणि निधी या तिन्ही गोष्टी तयार असतील, तरच पालक मुलाला मागे ठेवण्याचे धाडस करतात. मंजुरी डिसेंबरात आली, तर मूल तोवर शेकडो किलोमीटर दूर गेलेले असते. ताटात अन्न पडेल याची खात्री आधी हवी. आश्वासनावर कोणी मूल सोडून जात नाही.

याशिवाय विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठी अनुदानित निवासी आश्रमशाळा आहेत. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहेही आहेत. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने तालुकास्तरावर वसतिगृहे सुरू करण्याचा निर्णय घेतला. पण त्यातील ८२ वसतिगृहांची आखणी प्रामुख्याने मराठवाड्यासह अहिल्यानगर, नाशिक व जळगाव या भागांसाठी झाली.

निवासी व्यवस्थेला जपणुकीची जोड हवी, हा धडाही वाशीमने अनुभवला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले होते. दाटीने राहणाऱ्या मुलांच्या आरोग्याची नियमित तपासणी हा वसतिगृहाचा अविभाज्य भाग असला पाहिजे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

सोबत गेलेल्या मुलांसाठी

सर्वच मुले गावात राहू शकत नाहीत. सोबत जाणाऱ्यांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' आहे. मूल निघताना मुख्याध्यापकाने हे कार्ड भरून द्यावयाचे असते. त्यावर मुलाचे नाव, इयत्ता व शिक्षणाची स्थिती नोंदलेली असते. ते दाखवून मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकते आणि हंगाम संपल्यावर मूळ शाळेत परतते. २०१५ पासून विद्यार्थ्यांची नोंद 'सरल' या संगणकीय प्रणालीत होत असल्याने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नाव वर्ग करणेही सोपे झाले आहे.

यापूर्वी साखर कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' भरत. ठाणे जिल्ह्याच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात 'भोंगा शाळा' चालविल्या. शाळा मुलाकडे नेणारे हे प्रयोग मोलाचे ठरले. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर मात्र मुलांना तात्पुरत्या शाळेऐवजी नियमित शाळेतच दाखल करण्यावर भर देण्यात आला. तत्त्व म्हणून हे योग्यच. पण फडापासून शाळा दोन-तीन किलोमीटर दूर असेल आणि वाहनाची सोय नसेल, तर सात वर्षांचे मूल तेथवर पोहोचत नाही. कार्ड खिशात राहते आणि मूल कोपीत.

ज्यांना गावच नाही

काही समाजांना परतायलाही हक्काचे गाव नसते. विदर्भातील फासेपारधी समाजाची अनेक कुटुंबे बेड्यावर किंवा पालात राहतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये या समाजातील मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' ही निवासी शाळा सुरू केली. भीक मागणारी, रेल्वेस्थानकांवर वावरणारी मुले त्यांनी गोळा करून आणली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या कामात २०१९ मध्ये या शाळेच्या काही वास्तू गेल्या आणि ग्रंथालयही पाडले गेले. बेघरांसाठी उभी राहिलेली शाळाच विस्थापित होण्याची वेळ आली. तोच महामार्ग पुढे वाशीम जिल्ह्यातूनही जातो.

जे मूल एकटे आहे किंवा ज्याला राहण्याचे ठिकाण व उपजीविकेचे साधन नाही, ते बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. त्याच्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आहे. १०९८ या क्रमांकावर कोणालाही याची माहिती देता येते. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही गमावलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा साहाय्य मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम ११०० वरून २२५० रुपये करण्यात आली. शेतकरी आत्महत्यांची झळ बसलेल्या पश्चिम विदर्भात या योजनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत १९८७ मध्ये मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याची बेघरपणाची व्याख्या व्यापक आहे. पैशांअभावी दुसऱ्याच्या घरात आश्रय घेतलेले किंवा मोटेलात राहणारे मूलही त्यात येते. कागदपत्रांशिवाय तत्काळ प्रवेश, मूळ शाळेतच शिकत राहण्याचा हक्क आणि त्यासाठी वाहनाची सोय, या त्यातील प्रमुख तरतुदी होत. शिवाय पुढील दुरुस्त्यांमुळे तेथील प्रत्येक शालेय जिल्ह्याला अशा मुलांसाठी एक संपर्क अधिकारी नेमावाच लागतो.

आपल्या कायद्याशी तुलना केली तर प्रवेशाच्या बाबतीत आपण मागे नाही. उणीव आहे ती नेमून दिलेल्या माणसाची. आपल्याकडे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी अशी साखळी आहे. पण मूल एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेले की ती साखळी तुटते. पाठविणाऱ्या शाळेचे काम कार्ड देऊन संपते आणि घेणाऱ्या शाळेला मूल आल्याचे कळतच नाही. या दोहोंच्या मधल्या प्रवासाला कोणीच वाली नसतो.

ही पोकळी काही अंशी 'बालरक्षक' भरून काढतात. शाळाबाह्य मुलांचा शोध घेऊन त्यांना शाळेत आणण्यासाठी स्वयंस्फूर्तीने पुढे आलेल्या शिक्षकांची ही चळवळ राज्यात उभी राहिली. मात्र अध्यापन, सर्वेक्षणे व इतर कामे सांभाळून हे शिक्षक किती धावणार, यालाही मर्यादा आहेत.

आकड्यांतून निसटणारी मुले

राज्यात ४ जुलै २०१५ रोजी एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करण्यात आले. त्यानंतरही २०२१ व २०२२ मध्ये अशा मोहिमा झाल्या. २०१५ च्या आणि २०२२ च्या मोहिमा जुलैत झाल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जुलैत ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परतलेली असतात आणि मुले वर्गात असतात. त्यामुळे जानेवारीतील खरे चित्र अशा मोजणीत पूर्णपणे उतरत नाही. शासनाच्या व्याख्येनुसार महिनाभर सलग गैरहजर राहणारे मूलही शाळाबाह्य ठरते. पण पटावरील नाव कमी होऊ नये या काळजीपोटी ही नोंद टाळण्याचा मोह शाळांना होऊ शकतो. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी सोयही होत नाही.

दुसरी अडचण वयाची. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी, आठवीच्या टप्प्यावर संपते. नेमक्या याच वयात मुलगा मजुरीला लागतो आणि मुलीच्या लग्नाची घाई सुरू होते. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. दहावीनंतर टिकून राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आधार यांसारख्या योजना आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना त्यातून निवास व भोजनाचा खर्च मिळतो. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी आधी नववी-दहावीचा पूल ओलांडावा लागतो.

नागरिकांनी काय करावे?

ही मुले केवळ वाशीमची राहत नाहीत. पुण्यात आपल्या सोसायटीशेजारी चालू असलेल्या बांधकामावर ती दिसतात. अशा मुलांना जवळच्या महापालिका किंवा जिल्हा परिषद शाळेत नेता येते. शाळेने कागदपत्रांसाठी अडविले, तर कलम ५ व १४ चा उल्लेख करावा. तरीही प्रवेश नाकारला, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागणे अपेक्षित असते. त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

जिल्ह्याच्या पातळीवर मात्र खरी कसोटी दसरा-दिवाळीदरम्यानच्या काही आठवड्यांतच लागते. कोणत्या तांड्यावरून किती मुले निघणार, त्यांपैकी किती मागे राहू शकतात, त्यांचे जेवण कोण शिजविणार आणि जी जाणार त्यांच्या नव्या शाळेला आधी कोण कळविणार, या चार प्रश्नांची उत्तरे त्या काळात मिळाली, तर वर्गातील जागा रिकामी होत नाही. उशीर झाला, तर चैत्रात मूल परतते. पण तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते.